पाडलेली विमाने : निरंक

शस्त्राची थोरवी त्यानं किती जीव घेतले यावर ठरते, हे साऱ्या जगानं मान्य केलेलं तत्त्व आहे. म्यानातून बाहेरच न आलेल्या तलवारीवर कोणी पोवाडा रचल्याचं ऐकिवात नाही. घरोघरच्या विळ्यांनी पिढ्यानपिढ्या माणसं जगवली, पण एखादी विळी काचेच्या कपाटात, खाली मखमल घालून ठेवलेली आजवर कोणी पाहिलेली नाही. (संग्रहालयात विळी दिसलीच तर ती कॅन्टीनमध्ये दिसते, आणि तिथं तिला हात लावायला बंदी नसते.)

या तत्त्वाला अनुसरून संभाजीनगरात, फुलंब्रीच्या रस्त्याला, शौर्य संग्रहालय उभं राहिलं. ही जागा आधी बागेसाठी राखीव होती. मग ती जलतरण तलावासाठी राखून ठेवण्यात आली. पुढं नळाला पाणी कधी येणार हा विषय शहरात इतका नाजूक झाला, की तलाव हा शब्द उच्चारणाऱ्याकडं लोक संशयानं बघू लागले. तेव्हा सर्वांच्या सोयीनं तिथं शौर्य ठेवावं असं ठरलं. शौर्याला टँकर लागत नाही.

सुरुवातीला संग्रहालयात एक जीप, दोन शिरस्त्राणं, उत्तर सोडून बाकी सर्व दिशा दाखवणारं एक होकायंत्र आणि डाव्या पायाचा एक बूट एवढाच ऐवज होता. बघायला येणारे लोक बुटापाशी सगळ्यांत जास्त वेळ थांबत. पंखा बुटाच्या वर होता.

अशा परिस्थितीत लष्करानं मोठ्या मनानं संग्रहालयाच्या समितीला एक विमानविरोधी तोफ दिली. हर्सूलपासून तिची मिरवणूक निघाली. ताशा कडाडला, जेसीबीच्या बादलीतून फुलं उधळली गेली आणि चौकाचौकांत फ्लेक्स लागले. फ्लेक्सवर समितीचे अध्यक्ष काकासाहेब कमरेपासून फेट्यापर्यंत मावले होते. तोफ खाली कोपऱ्यात, शुभेच्छुकांच्या रांगेत होती.

तोफ ठेवायची कशी, यावर समितीनं बराच ऊहापोह केला. उत्तरेला नळी केली तर ती काकासाहेबांच्या बंगल्यावर रोखली जात होती. पश्चिमेला पोलीस चौकी होती. दक्षिण तर यमाचीच. शेवटी वास्तुतज्ज्ञांनी सांगितलं, की आग्नेय ही अग्नीची दिशा असून तोफ हा अग्नीचाच प्रकार आहे. जेसीबीनं सगळी तोफच वळवून नळी आग्नेयेकडं केली आणि ती पन्नास अंशांवर वेल्डिंगनं कायमची पक्की करण्यात आली. आग्नेयेला चिकलठाण्याचा विमानतळ आहे, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. मग तोफेला रंग दिला. बागेच्या काळात बाकांसाठी आणलेला पोपटी रंग तसाच पडून होता.

फुलंब्रीच्या स्टँडवर लागलेला फ्लेक्स कडुबा दाभाडे यांनी पाहिला. त्यांनी काकासाहेबांवरून नजर खाली आणली, शुभेच्छुकांमधली तोफ पाहिली आणि शेजारी उभ्या असलेल्या कारभारी नावाच्या गावकऱ्याला म्हणाले, "ही आपली हाय."

"तुझी कशी काय?" कारभारी म्हणाला. "फोटो तर काकासाहेबांचा हाय."

कडुबा एकाहत्तरच्या युद्धात तोफची होते, म्हणजे तोफेवरचे जवान. वय जेमतेम विशीचं. पंजाबात एका नदीवरच्या पुलाशेजारी त्यांची तोफ उभी होती. अशा तोफेला दोन्ही अंगांना एकेक लोखंडी आसन असतं. एका आसनावरचा जवान मूठ फिरवून नळी वर-खाली करतो, दुसऱ्यावरचा ती आडवी फिरवतो. कडुबा आडवी फिरवणारे. सगळं युद्ध त्यांनी त्या आसनावर बसून काढलं. शत्रूचं विमान पुलावर आलं नाही. एकदाही नाही. लढाई संपली, कडुबा सुट्टीवर गावी आले, आणि फुलंब्रीच्या पुढच्या त्यांच्या वाडीत सगळा गाव पारावर जमा झाला.

"किती पाडले?" गावानं विचारलं.

"एक बी नाय. आलंच नाय."

"मग तू तिथं काय करत व्हता?"

"आभाळ बघत व्हतो," कडुबा खरं ते बोलून गेले.

त्या दिवसापासून ते आभाळबघ्या झाले. या नावानं गावात तीन पिढ्या मोठ्या झाल्या. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या पावतीवर एकदा आडनावाच्या जागी तेच छापून आलं, तेव्हा मुक्ताबाई, म्हणजे कडुबांची बायको, पावती फाडायला निघाली होती. पण पावती फाडली तर घरपट्टी पुन्हा भरावी लागते हे कळल्यावर तिनं ती घडी करून डब्यात ठेवली. अलीकडं पाऊस लांबला की शेतकरी लोक वेधशाळेवर विसंबत नसत, ते कडुबांना विचारत. "काय आभाळबघ्या, हाय का काही वर?" कडुबा वर बघून सांगत. त्यांचा अंदाज वेधशाळेइतकाच खरा ठरे, आणि वेधशाळेला कोणी नाव ठेवलेलं नव्हतं.

असे कडुबा एसटीनं शहरात आले, उन्हाची टोपी काढून हातात घेतली आणि तोफेभोवती एक चक्कर मारून आसनापाशी उभे राहिले. समितीचे सचिव सुदर्शन धावत आले. सुदर्शन मूळचे एका शाळेतले लिपिक. त्यांचा नियमांवर जीव होता.

"बाबा, हात लावायचा नाही."

"हात नाय लावत. बसायचंय."

"पाटी वाचली नाही का? प्रदर्शित वस्तूंवर बसू नये."

"वाचली. पर आमी बसलो तवा पाटी नव्हती."

सुदर्शननी तोफेकडं पाहिलं, कडुबांकडं पाहिलं. "तुम्ही या तोफेवर होता? याच?"

"तसं बसल्याबिगर कसं सांगू?" कडुबा म्हणाले. "तोंड समद्यांचं सारखंच असतंय. बैठक वळखू येते."

"पण बसून करायचं काय? तोफ काही चालू नाही."

कडुबांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. "तवा भीत भीत बसलो व्हतो, साहेब. एक डोळा आभाळाला, एक देवाला. हा येतो का तो येतो. तिथून आभाळ कसं दिसतं ते धड बघितलंच नाय. एकदा निवांत बसून बघायचंय."

एवढीच त्यांची मागणी होती. सुदर्शननी ती रीतसर अर्जात लिहून घेतली. विषय: तोफेवर बसण्यास परवानगी मिळणेबाबत.

अर्ज समितीपुढं आला. संग्रहालयात तोफेवर कोणी बसू शकतं याची वर्गवारी तोवर झाली होती, ती अशी: (अ) मान्यवर, (आ) मान्यवरांची नातवंडं, (इ) वीर. कडुबा पहिल्या दोन्ही वर्गांत बसत नव्हते. तिसऱ्यात बसवायचे तर ते वीर आहेत हे आधी ठरायला हवं, आणि वीर ठरायला काहीतरी पाडलेलं असायला हवं. इथं हा अर्ज समितीच्या दुसऱ्या एका अडचणीला जाऊन भिडला.

ती अडचण फलकाची होती. तोफेशेजारी निळ्या पत्र्याचा माहितीफलक लावायचा होता. त्यात वजन, पल्ला, कोणतं युद्ध असे रकाने होते आणि शेवटचा रकाना होता, पाडलेली विमाने. लष्करानं स्वच्छ कळवलं होतं, की ही तोफ युद्धकाळात एका पुलाच्या रक्षणासाठी होती, त्या पुलावर शत्रूचं विमान आलं नाही, पूल सुरक्षित राहिला. सुदर्शननी आयुष्यभराच्या सवयीनं रकान्यात 'निरंक' लिहिलं आणि रंगाऱ्याकडं कागद पाठवायच्या आत तो काकासाहेबांच्या हाती पडला.

"सुदर्शन," काकासाहेब म्हणाले, "निरंक हे साथीच्या रोगांच्या अहवालात लिहितात. तिथं ते शोभून दिसतं."

"पण साहेब, लष्करानंच—"

"शेजारच्या जिल्ह्यातल्या रणगाड्याच्या पाटीवर पाच लिहिलंय. ठळक. आपली तोफ काय युद्धात पाहुणचाराला गेली होती व्हय? खोटं लिहायचं नाही, हे मी आधीच सांगतो. फक्त शून्य लिहायचं नाही. या दोन्हीच्या मधलं काय असेल ते बसवा."

मधलं बसवण्यासाठी एक उपसमिती नेमण्यात आली. तीत प्राध्यापिका तनुजा मॅडम होत्या. त्या कॉलेजात इतिहास शिकवत आणि शहरातल्या बहुतेक कार्यक्रमांचं सूत्रसंचालन करत, त्यामुळं त्यांच्याकडं एकाच वेळी पुरावा आणि माईक असे. त्यांनी 'अनेक' हा शब्द सुचवला. तो मोघम वाटला. 'नेमका आकडा उपलब्ध नाही' ही सूचना सर्वांना आवडली, पण वाचणाऱ्याला आपल्याकडं मोजायला माणूस नव्हता असं वाटेल, म्हणून ती मागं पडली. अखेर, साक्षीदार म्हणून हयात तोफची शोधावा असा ठराव झाला. तो तोफची अर्ज घेऊन आधीच दारात उभा होता. शासकीय कामात असे योग क्वचित येतात.

काकासाहेब आणि सुदर्शन गाडी करून कडुबांच्या घरी गेले. मुक्ताबाईनं चहा ठेवला.

"बाबा," काकासाहेब खाटेवर बसत म्हणाले, "अंदाजे किती पाडली असतील?"

"आलंच नाय, साहेब."

"ते कळलं. आलं असतं तर?"

"आलं असतं तर..." कडुबांनी प्रामाणिकपणे विचार केला. "तोफ चांगली व्हती. जोडीदार बी चांगला व्हता. एक-दोन पडले असते."

"दोन!" काकासाहेब सुदर्शनना म्हणाले. "लिहा."

सुदर्शननी परतीच्या वाटेवर गाडीतच हिशेब मांडला. तो पुढं उपसमितीनं सर्वानुमते मान्य केला:

आली असती तर निश्चित पाडली असती अशी विमाने — दोन.

तोफ दुरून पाहून परत फिरली असावीत अशी — दोन.

येण्याचा बेत केला होता, पण घरूनच निघाली नाहीत अशी — एक.

एकूण पाच. यातलं एकही विमान खोटं नव्हतं, कारण यातलं एकही विमान आलं नव्हतं, आणि जे आलंच नाही त्याबद्दल खोटं बोलता येत नाही. तनुजा मॅडमनी याला 'प्रतिबंधात्मक पाडाव' असं नाव दिलं. मात्र फलकावर जागा कमी असल्यामुळं तिथं नुसतं पाच लिहायचं ठरलं. खंडेनवमीला घरोघर शस्त्रं आणि अवजारं पुजतात, तेव्हा लोकार्पणही त्याच दिवशी करायचं, त्यात कडुबांचा सत्कार होईल, ते माईकवर 'होय, पाच' एवढं म्हणतील, आणि मग वर्ग (इ) मधून त्यांना आसनावर बसता येईल.

"म्हना की एकदाचं पाच," मुक्ताबाई म्हणाली. पाहुणे गेले होते, कपबशा तशाच होत्या. "त्या इमानांची लेकरं काय भांडाया येनारेत व्हय तुमच्याशी? पन्नास वरीस झाले, आभाळबघ्याची बायको म्हनून पाणी भरतीया मी."

"पाच पाडले म्हनायचं म्हंजी पाच आले म्हनायचं," कडुबा म्हणाले.

"मग?"

"पाच आले असते तर पूल ऱ्हायला असता का?"

"मला काय इचारता? मी व्हते का तिथं?"

"एक म्हातारी व्हती," कडुबा म्हणाले. "रोज सकाळी म्हशी घेऊन पुलावरनं जायची. आमच्याकडं बघून कायतरी म्हनायची. मला पंजाबी येत नव्हतं. शिव्या असाव्यात. पर रोज जायची, आन सांजंला परत यायची. म्हशी बी समद्या. आता मी पाच म्हनलो, तर ते पाच कुठनं येनार? तिच्यावरूनच येनार ना?"

मुक्ताबाईनं बशीत उरलेला चहा पिऊन टाकला. "लई लांबचा इचार करता तुमी," ती म्हणाली. "म्हूनच आभाळबघ्या म्हनत्यात." पण मग ती पाचाबद्दल पुन्हा काही बोलली नाही. तिनं फक्त कडुबांच्या सदऱ्याला इस्त्री करून आणली, आणि दसऱ्याला बुद्ध लेणीवर जायचं असल्यानं स्वतःची पांढरी साडीही त्याच हेलपाट्यात उरकून घेतली.

इथं सत्काराच्या पद्धतीबद्दल दोन शब्द सांगणं आवश्यक आहे. आपल्याकडं सत्कारात शाल, श्रीफळ आणि परिचय अशा तीन वस्तू देतात. यातलं श्रीफळ घरी नेऊन फोडायचं असतं, शाल पुढच्या सत्कारात दुसऱ्याला घालायची असते, आणि परिचय ऐकून घ्यायचा असतो. परिचयात माणूस साधारण दीडपट होतो. शाळेतल्या शिपायाचा तिथं शिक्षणप्रेमी होतो, दोन वेळा पडलेला उमेदवार लढवय्या होतो. सत्कारमूर्तीनं यावर मान खाली घालून हसायचं, एवढंच त्याचं काम. शाल खांद्यावर असताना परिचयातली चूक काढणं हे पंगतीत बसून भाजीत मीठ कमी आहे म्हणण्यासारखं आहे. आजवर या जिल्ह्यात तसं कोणी केलेलं नाही. आपला समाज जो एकसंध टिकून आहे, तो बव्हंशी या शालीमुळं, असं जाणकार सांगतात.

खंडेनवमीचा दिवस उजाडला. मांडव भरला होता. उपस्थितांपैकी साधारण चाळीस टक्के लोक शौर्यासाठी आले होते आणि बाकीचे मांडवामागं शिजत असलेल्या मसालेभातासाठी. (मसालेभाताचा वास सुटल्यावर ही टक्केवारी बदलली.) तोफेला हळदकुंकू वाहिलं, नळीला झेंडूचा हार घातला. हार नळीवरून सारखा घसरत होता, तो सुतळीनं बांधावा लागला. कडुबा पूजेच्या वेळी थोडे बाजूला, हात जोडून उभे राहिले. त्यांची नजर आसनावर होती. आसनालाही पोपटी रंग दिला होता.

मग सत्कार सुरू झाला. काकासाहेबांनी शाल घातली, श्रीफळ दिलं, आणि तनुजा मॅडमनी परिचय करून दिला. परिचय फार सुंदर झाला. पहिल्या विमानाचा पाठलाग, दुसऱ्याला लागलेली आग, तिसऱ्याचं नदीत कोसळणं, चौथ्याचा माघारी पळताना झालेला अंत. पाचव्यापाशी मॅडमचा आवाज कापरा झाला. पुढच्या रांगेतल्या दोन बायांनी डोळ्यांना पदर लावला. कारभारीही आला होता. तो आ वासून कडुबांकडं बघत राहिला.

"आता आपण त्या वीराच्याच तोंडून ऐकू या," मॅडम म्हणाल्या आणि माईक पुढं केला. "बाबा, फक्त सांगा. किती?"

कडुबा उभे राहिले. त्यांनी आधी शाल काढली. तिची उभी घडी घातली, मग आडवी घातली, आणि ती टेबलावर श्रीफळाशेजारी ठेवली.

"बाबा," काकासाहेब ओठ न हलवता म्हणाले, "अंगावर असू द्या की."

"उकडतंय, साहेब," कडुबा म्हणाले आणि माईकजवळ गेले.

"माझं नाव कडुबा दाभाडे. गावात मला आभाळबघ्या म्हनत्यात. खरं म्हनत्यात. मॅडमनी पाच सांगितले. पाच नाय. एक बी नाय. आलंच नाय. जे आले ते समदे आपले व्हते. इमान दिसलं की नीट बघायचं, अन् म्हनायचं, आपलं हाय. की समदे हात सोडायचे. आमचे हवालदार पंजाबी व्हते, पर ते बी शेवटी शेवटी आपलं हाय, आपलं हाय म्हनू लागले. तेवढंच काम केलं आमी. तिथं एक म्हातारी व्हती, म्हशीवाली. लढाई संपली त्या दिवशी बी ती गेली पुलावरनं. म्हशी बी समद्या व्हत्या. बास. जयभीम, जयहिंद."

मसालेभाताच्या पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज तेवढा आला. काकासाहेबांचा चेहरा फ्लेक्सवरच्या चेहऱ्याहून बराच वेगळा दिसू लागला. आसनावर बसायचा वर्ग (इ) हातातून गेला हे कडुबांना कळलं होतं. त्यांनी टोपी घातली आणि ते पायऱ्या उतरायला निघाले.

पण तनुजा मॅडमना सूत्रसंचालनाचा दांडगा अनुभव होता. त्यांनी माईक उचलला.

"पाहिलंत?" त्या म्हणाल्या, आणि या वेळी आवाज मनापासून कापरा झाला होता. "ही असते खऱ्या वीराची नम्रता!"

असा टाळ्यांचा कडकडाट त्या मांडवात दिवसभरात झाला नव्हता. काकासाहेबांना कंठ फुटला. ते उठून म्हणाले, "बंधूंनो, पाच पाडणारा माणूस पाच सांगतो. एकही नाही म्हणणाऱ्यानं किती पाडली असतील, याचा जरा विचार करा!"

लोकांनी विचार केला. मागून कोणीतरी "सात!" म्हणालं.

"अवं नाय, खरंच नाय!" कडुबा पायरीवरून ओरडले.

"नऊ!" लोक म्हणाले.

"अरे, देवाशपथ आलंच नाय!"

आकडा अकरावर जाऊन थांबला. अकरा हा शुभ आकडा आहे, शिवाय कडुबा बोलायचे थांबले होते. नकार जितका ठाम, तितका आकडा मोठा, हा नियम त्यांच्या लक्षात यायला थोडा उशीर झाला. काकासाहेबांनी टेबलावरची शाल उचलून स्वतःच्या हातांनी पुन्हा त्यांच्या खांद्यावर घातली, आणि या वेळी टोकांची गाठ मारली.

आता कडुबा निर्विवाद वीर ठरल्यामुळं वर्ग (इ) खाली त्यांची आसनावर बसण्याची परवानगी जागेवरच मंजूर झाली. सुदर्शननी तोफेभोवती बांधलेली दोरी सोडली. कडुबांनी एक पाय वर ठेवला, मुक्ताबाईनं खालून कोपराला हात दिला, आणि ते बसले.

"तीच का?" मुक्ताबाईनं हळूच विचारलं.

कडुबा जरा डावीकडं सरकले, जरा उजवीकडं सरकले. "तीच," ते म्हणाले. "तवा टोचायचं तिथंच टोचतंय."

मग ते मागं रेलले आणि त्यांनी वर पाहिलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशीचं आभाळ होतं ते, धुऊन वाळत घातल्यासारखं. कडुबांचे खांदे हळूहळू खाली आले. कोणी फोटो काढत होतं, कोणी ताटं मांडत होतं, आणि कडुबा काही न करता वर बघत होते. पन्नास वर्षांत या कामासाठी त्यांना पहिल्यांदाच कोणी हसत नव्हतं.

तेवढ्यात आवाज आला. हर्सूलच्या बाजूनं एक प्रवासी विमान आग्नेयेला, चिकलठाण्याकडं निघालं होतं. उतरायच्या बेतात असल्यामुळं ते चांगलंच खाली होतं, खिडक्या मोजता येतील एवढं. सगळा मांडव उठून उभा राहिला. शेकडो मोबाइल वर झाले.

"बाबा, आलं! आलं!" लोक ओरडले. "उडवा!"

"हाणा बाबा, बारावं!" कारभारी सगळ्यांच्या वर ओरडला. वर खिडक्यांतल्या माणसांना खाली आपल्यावर काय रोखलंय याची कल्पना नव्हती. ती बहुधा खुर्च्यांचे पट्टे आवळत होती.

कडुबांचे हात आपसूक मुठीवर गेले. नळीचा कोन वेल्डिंगनं पक्का केला होता, पण आडवं फिरायचं कोणी बंद केलं नव्हतं, कारण ते फिरतं हे कोणाला माहीत नव्हतं. पोपटी रंगाचे पोपडे सुटले, आत काहीतरी करकरलं, आणि झेंडूच्या हारासकट नळी विमानाच्या मागं मागं सरकू लागली. आरडाओरडा थांबला. काकासाहेब दोन पावलं मागं सरले. लोकांच्या चेहऱ्यांवर जी आशा होती, ती नळाला पाणी येण्याच्या दिवशीही दिसत नाही.

कडुबांनी डोळे बारीक केले. पंख पाहिले, शेपूट पाहिली. घाई केली नाही.

"आपलं हाय," ते म्हणाले, आणि त्यांनी हात सोडले.

विमान पलीकडं उतरलं. त्यातून माणसं खाली आली असतील, कोणी पैठणला गेलं असेल, कोणी औरंगपुऱ्यात. मांडवात मात्र एक मोठा सुस्कारा ऐकू आला आणि लोक मसालेभाताकडं वळले. कडुबा आणखी थोडा वेळ बसून राहिले. मग सुदर्शननी येऊन अदबीनं सांगितलं, की वर्ग (आ) मधला नातू रडतोय.

फलक आता लागला आहे. पाडलेली विमाने: अकरा. कडुबांच्या वाडीतही बातमी पोचली. दुसऱ्या आठवड्यात ते पारावर गेले, तेव्हा बसलेली माणसं उठून उभी राहिली.

"आरं, बसा की," कडुबा म्हणाले. "अन् मला आभाळबघ्या म्हना. तेच खरं हाय."

"आता कसं म्हनावं बाबा?" कारभारी हात जोडून म्हणाला. आजवर तो त्यांना अरेतुरेच करत आला होता. "अकरा पाडलेल्या माणसाला? आमची जीभ झडंल."

तेव्हापासून पाऊस लांबला तरी कडुबांना कोणी वर बघायला सांगत नाही.

संग्रहालय सोमवार सोडून रोज उघडं असतं. लोकांचा उत्साह पाहून आसनावर बसायची मुभा आता सर्वांना आहे, मूठही फिरवू देतात. विमान दिसलं की लहानथोर सगळे नळी मागोमाग फिरवतात आणि तोंडानं 'ठो' करतात. विमानात आपला कोणी पाहुणा आहे हे माहीत असलेलेही करतात. 'आपलं हाय' असं आजवर कोणी म्हटल्याची नोंद निरंक आहे.

तुम्हीही एकदा जाऊन बसा. न जमलं तरी हरकत नाही, तुमची हजेरी लागलेली आहे. ही तोफ आता उडेल, मग उडेल, निदान त्या विमानाच्या वेळी तरी उडेल, अशी वाट बघत तुम्ही इथवर आलात. ती उडाली नाही. त्यामुळं तुमचा जो काही विरस झाला असेल, तो वाया गेलेला नाही. समितीनं तो फलकावर आकड्यात लिहून ठेवला आहे.